शेवट ठाऊक असूनही

कथेचा शेवट माहीत नसताना तो जाणून घेण्याची उत्कंठा वाटणे स्वाभाविक आहे. परंतु शेवट पूर्णपणे ठाऊक असूनही एखादी व्यक्ती वर्षभर दिवस मोजत त्याची वाट पाहत असेल, तर त्या प्रतीक्षेला काय म्हणावे? व्यवहारी माणूस तिला वेड म्हणून मोकळा होईल. 'चित्रपटच तो, त्यासाठी जीव एवढा कशाला टांगणीला लावायचा?' असे तो विचारील. हा प्रश्न वरवर वाटतो तितका क्षुल्लक नाही. २००३ च्या डिसेंबर महिन्यात जगभरातील असंख्य चाहत्यांनी अशीच एक प्रतीक्षा संपताना अनुभवली. तिच्या आधारे या प्रश्नाचा विचार करता येईल.

ऑक्सफर्ड विद्यापीठातील भाषा-साहित्याचे प्राध्यापक जे. आर. आर. टॉल्किन यांची 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' ही अद्भुतरम्य महाकादंबरी १९५४-५५ मध्ये तीन खंडांत प्रसिद्ध झाली. सर्वांना गुलाम करू पाहणाऱ्या सॉरॉन या दुष्ट शक्तीने घडवलेली एक अंगठी नष्ट करायची आहे, आणि ती जिथे घडली त्या ज्वालामुखीच्या आगीतच ती नष्ट होऊ शकते, एवढेच तिचे मूळ सूत्र. हे काम पराक्रमी योद्ध्याकडे न येता फ्रोडो नावाच्या एका बुटक्या, शांतताप्रिय हॉबिटाकडे येते. त्याच्या सोबतीला असतो त्याचा माळी सॅम. दिग्दर्शक पीटर जॅक्सन यांनी ऑक्टोबर १९९९ ते डिसेंबर २००० या काळात न्यूझीलंडमध्ये तिन्ही भागांचे मुख्य चित्रीकरण सलग केले आणि २००१, २००२ व २००३ या तीन वर्षांच्या डिसेंबरात एकेक भाग प्रदर्शित झाला. शेवटच्या भागाचे नाव होते 'द रिटर्न ऑफ द किंग', म्हणजे राजाचे पुनरागमन.

या कथेच्या चाहत्यांना प्रतीक्षा नवी नव्हती. कादंबरीचा दुसरा खंड नोव्हेंबर १९५४ मध्ये निघाला, तो फ्रोडो शत्रूच्या हाती सापडतो अशा प्रसंगापाशी थांबला. पुढचा खंड मात्र परिशिष्टे पूर्ण होण्यास विलंब लागल्यामुळे ऑक्टोबर १९५५ मध्ये हाती आला. जवळजवळ वर्षभर वाचकांचा जीव टांगणीला लागला. 'राजाचे पुनरागमन' हे शीर्षक स्वतः टॉल्किन यांना पसंत नव्हते. त्यातून शेवट आधीच उघड होतो, असे त्यांचे मत होते. १९५५ च्या वाचकाच्या दृष्टीने हा आक्षेप योग्यच होता. पण २००३ च्या चाहत्याला राजा परतणार हे तर ठाऊक होतेच, अंगठीचे काय होणार हेही तोंडपाठ होते. मग तो वाट कशाची पाहत होता?

'काय घडेल' या प्रश्नाचे उत्तर त्याच्यापाशी होते. 'ते कसे दिसेल' हे त्याला पाहायचे होते. वर्षानुवर्षे मनात जपलेले जग दुसऱ्या कोणाच्या नजरेतून कसे उमटते, ते आपल्या मनातल्या चित्राशी जुळते की त्याला धक्का देते, याची ही उत्कंठा होती. या वर्षभरात चाहता स्वस्थ बसलेला नसतो. तो कादंबरी पुन्हा वाचतो, नकाशांवर बोट ठेवून वाटा शोधतो, टॉल्किन यांनी निर्माण केलेल्या भाषांची अक्षरे गिरवतो, समानधर्मी मित्रांशी वाद घालतो. परीक्षेसाठी सक्तीने केला असता तर याच उद्योगाला अभ्यास म्हटले गेले असते. हौसेने केला म्हणून त्याला वेड म्हणायचे, हा न्याय नव्हे.

१ डिसेंबर २००३ रोजी न्यूझीलंडची राजधानी वेलिंग्टन येथे या चित्रपटाचा पहिला खेळ झाला, तेव्हा त्या लहानशा शहराच्या रस्त्यांवर सुमारे लाखभर माणसे लोटली होती. पुढे त्या महिन्यात जगभरच्या चित्रपटगृहांत चाहते तीन तासांहून अधिक वेळ खिळून बसले. संकटात सापडलेल्या गोंडोर राज्याने मदतीसाठी पेटवलेले अग्निसंकेत एका शिखरावरून दुसऱ्या शिखरावर झेपावत गेले, रोहनचे घोडदळ पहाटेच्या उजेडात शत्रूवर तुटून पडले, तेव्हा मनातल्या चित्राहून पडद्यावरचे चित्र मोठे झाल्याचा आनंद त्यांना मिळाला. थकलेल्या फ्रोडोला सॅमने पाठीवर घेऊन डोंगर चढावा, या प्रसंगी अनेकांचे डोळे पाणावले. प्रसंग ठाऊक होता, तरीही पाणावले.

आनंदाबरोबर तक्रारीही आल्या. आधीच्या दोन भागांतील प्रमुख खलपुरुष सारुमान या भागात दिसलाच नाही. त्याचे प्रसंग चित्रपटगृहांतील आवृत्तीतून वगळले गेले होते आणि ती भूमिका करणारे ज्येष्ठ अभिनेते क्रिस्टोफर ली हेही त्यामुळे नाराज झाले. कादंबरीत मोहिमेहून परतलेल्या हॉबिटांना आपले गाव उद्ध्वस्त झालेले आढळते आणि ते स्वतः लढून मुक्त करावे लागते. हे प्रकरण चित्रपटात नाही.

सर्वांत गंभीर तक्रार कथेच्या कळसाविषयी होती. ज्वालामुखीच्या कड्यावर पोहोचल्यावर ऐन क्षणी फ्रोडो मोहाला बळी पडतो आणि अंगठी टाकण्यास नकार देतो. नायक हरतो. अंगठीच्या लोभाने झपाटलेला गॉलम त्याचे बोट चावून ती हिसकावतो आणि कादंबरीत आनंदाने नाचता नाचता तोल जाऊन आगीत कोसळतो. त्याला कोणी ढकलत नाही. पूर्वी त्याला मारण्याची संधी असूनही दया दाखवून त्याला जिवंत ठेवले गेले होते. ती दयाच अखेर जगाला वाचवते. चित्रपटात मात्र फ्रोडो पुन्हा त्याच्याशी झटापट करतो आणि त्या झटापटीत दोघेही कड्यावरून घसरतात. फरक लहान दिसतो, पण दयेच्या वाट्याचे श्रेय त्यामुळे थोडे झटापटीकडे जाते. या मुद्द्यावर चाहत्यांची तक्रार रास्त मानावी लागते.

दुसरी एक टीका मात्र तितकी रास्त नाही. चित्रपट संपल्यासारखा वाटतो आणि पुन्हा सुरू होतो, त्याला एकामागून एक अनेक शेवट आहेत, अशी थट्टा त्या वेळी झाली. परंतु युद्ध जिंकले म्हणजे कथा संपली, असे मानणे हीच चूक आहे. चारही हॉबिट गावी परततात आणि नेहमीच्या पानगृहात बसतात. भोवतीच्या मंडळींना एका मोठ्या भोपळ्याचे कौतुक अधिक असते. या चौघांनी काय सोसले याची कोणालाच कल्पना नाही. ते काही न बोलता एकमेकांकडे पाहतात आणि पेले उंचावतात. दूर देशी कष्ट करून, आजारपण किंवा संकट सोसून घरी परतलेल्या कोणालाही या मौनाचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही. फ्रोडोची जखम भरत नाही. जे गाव वाचवण्यासाठी तो निघाला होता, तिथे त्यालाच राहता येत नाही. शेवटी तो जहाजाने कायमचा निघून जातो. हे सारे दाखवायला वेळ लागणारच. निरोप घाईने घेता येत नाही.

फेब्रुवारी २००४ मध्ये या चित्रपटाला ऑस्करची अकरा नामांकने होती आणि अकराही पारितोषिके त्याला मिळाली. 'बेन-हर' आणि 'टायटॅनिक' यांच्या विक्रमाशी ही बरोबरी होती. त्याच वर्षअखेरीस निघालेल्या चार तासांहून मोठ्या आवृत्तीत सारुमानचे वगळलेले प्रसंगही परत आले. चाहत्यांची एक तक्रार अशा रीतीने दूर झाली. परंतु तीन वर्षे ज्याची वाट पाहिली ते संपले होते. दिवे लागल्यानंतरही खुर्चीत बसून राहिलेल्या चाहत्याला समाधान वाटत होते आणि पोकळीही जाणवत होती.

या अनुभवातून चाहत्याला काय मिळाले? मराठीत 'चाहता' आणि 'रसिक' असे दोन शब्द आहेत. चाहता प्रेम करतो. रसिकही प्रेम करतो, परंतु त्याचे प्रेम डोळस असते. आपल्या आवडत्या कलाकृतीत काय उणे राहिले हे तो ओळखतो, ते का उणे वाटते याचे कारण शोधतो आणि तरीही तिच्यापासून दूर जात नाही. गॉलमच्या अंताविषयी ज्यांनी हिरिरीने वाद घातला, ते नकळत दया, मोह आणि पराभव यांविषयीच बोलत होते. दीर्घ प्रतीक्षेने आणि शेवटच्या काहीशा अपेक्षाभंगाने अनेक चाहत्यांना रसिकतेच्या वाटेवर आणून सोडले. व्यवहारी माणसाच्या प्रश्नाचे उत्तर एवढेच देता येईल की, जीव लावल्याशिवाय ही वाट सापडत नाही.