असईच्या तोफांवरचा आळ

मराठ्यांच्या इतिहासावर बोलणे निघाले की एक निवाडा हटकून ऐकू येतो. शिवाजी महाराजांच्या मावळ्याने ढाल-तलवारीवर राज्य कमावले आणि शिंद्यांच्या कंपूंनी, म्हणजे कवायती पलटणींनी, फिरंगी तोफा-बंदुकांच्या नादी लागून ते घालवले, असा तो निवाडा. त्याला वजनदार साक्षीदारही आहेत. ईस्ट इंडिया कंपनीचा थॉमस मन्रो याच मताचा होता. 1803 मध्ये शिंद्यांविरुद्ध प्रत्यक्ष असईला लढलेल्या आर्थर वेलस्लीनेही लिहून ठेवले आहे की, मराठ्यांनी पायदळ उभारलेच नसते आणि जुन्या रीतीने घोड्यावरून लढले असते, तर ते अधिक भारी पडले असते. आपल्याकडे हे मत पिढ्यान्‌पिढ्या गिरवले गेले. मला ते साफ अमान्य आहे. ते चुकीचे तर आहेच, शिवाय तोफेपाशी उभ्या उभ्या मेलेल्या माणसांवर अन्याय करणारे आहे.

आधी शिवकाळाकडे पाहू. महाराजांच्या फौजेला तोफांचे वावडे होते, हे कुठून आले? 1660 साली सिद्दी जौहरच्या वेढ्यात पन्हाळ्यावर तोफगोळे आले ते राजापूरच्या इंग्रजांचे. तो घाव महाराज विसरले नाहीत. पुढच्याच वर्षी राजापूरची वखार लुटली गेली आणि इंग्रज कैदेत पडले. 1665 मध्ये मिर्झाराजे जयसिंगाने अवजड तोफा डोंगर चढवून वज्रगडासमोर नेल्या, बुरूज फोडला, आणि तिथून पुरंदरचा गळा धरला. मुरारबाजी देशपांडे तिथे पडले. त्यांच्या तलवारीत काही उणे होते का? तरीही तहात 23 किल्ले द्यावे लागले. जंजिऱ्याचे तेच. इतके प्रयत्न झाले, पण तो तट फोडणारा तोफखाना हाती नव्हता, म्हणून तो शेवटपर्यंत पडला नाही. ही उणीव महाराजांना नेमकी कळत होती. म्हणूनच त्यांनी फ्रेंचांकडून तोफा घेतल्या, इंग्रजांकडे तोफांची मागणी लावून धरली आणि आरमार बांधायला पोर्तुगीज कारागीर लावले. ज्या तलवारीला आपण अस्सल देशी म्हणून मिरवतो, त्या मराठा तलवारींपैकी कितीतरींची पाती युरोपातून आलेली आहेत. मूठ तेवढी इथली. परके हत्यार घेणे हा महादजी शिंद्यांनी काढलेला नवा पायंडा नव्हता. पैसा आणि संधी मिळताच महाराजांनी जे केले, तेच महादजींनी अधिक मोठ्या प्रमाणावर केले.

आता हत्यारांची गाठ घालून पाहू. शिवकालीन पायदळाची बंदूक तोड्याची. तिला पेटती वात सांभाळावी लागे. दारूशेजारी सतत विस्तव असल्याने शिपायांना एकमेकांना खेटून उभे राहता येत नसे, आणि पावसात वात विझली की हातात नुसती नळी उरे. तिची नळी मात्र लांब, नेम चांगला. तटाच्या आडून किंवा घाटाच्या कड्यावरून ती फार उपयोगाची. कंपूतल्या शिपायाची बंदूक गारेच्या चापाची आणि संगीन लावलेली. कवायत झालेला शिपाई तिचे मिनिटाला दोन-तीन बार काढी, आणि घोडदळ अंगावर आले की तीच बंदूक भाल्याचे काम करी. पहिली घाटात बरी, दुसरी उघड्या मैदानात. यात श्रेष्ठ-कनिष्ठ कसले? ज्याला जिथे लढायचे, त्याने तिथले हत्यार घ्यावे.

आणि महादजींना लढायचे होते ते दुआबात आणि राजपुतान्यात. तिथे उंबरखिंड नाही, जावळीचे रान नाही. 1784 मध्ये त्यांनी दि बॉयन या युरोपीय अधिकाऱ्याला नोकरीत घेतले, पलटणी उभ्या केल्या, आग्र्याला तोफा ओतवल्या. त्याचे फळ 1790 मध्ये दिसले. जूनमध्ये पाटण, सप्टेंबरमध्ये मेडता. मेडत्याला राठोडांचे घोडदळ ज्या त्वेषाने चालून आले, त्याहून शूर हल्ला कल्पनेत आणणे अवघड. छर्ऱ्यांच्या आणि बंदुकांच्या माऱ्यापुढे ते कोसळले. मराठ्यांनी फक्त घोडा आणि भाला धरून राहायला हवे होते असे म्हणणाऱ्यांनी मेडत्याच्या रणावर राठोडांच्या जागी आपल्या स्वारांना उभे करून पाहावे.

प्रतिपक्ष यावर म्हणेल, राजपुतांपुढे चालले; इंग्रजांपुढे ती नक्कल उघडी पडली. मग असईलाच जाऊ.

जालना जिल्ह्यातले हे गाव. केळना आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात 23 सप्टेंबर 1803 रोजी वेलस्ली उतरला. शिंद्यांच्या तोफा इतक्या झपाट्याने आणि इतक्या नेमक्या चालल्या की त्याच्या स्वतःच्या तोफा जवळजवळ निकामी झाल्या. ओढणारे बैल आणि डागणारी माणसे दोन्ही मारली गेली. त्या तिथेच टाकून संगिनींनी चालून जाण्याचा हुकूम त्याला द्यावा लागला. 74 नंबरच्या गोऱ्या पलटणीची तर चाळणच झाली. सुमारे पाचशेंपैकी जवळपास चारशे माणसे मेली किंवा जखमी झाली. पायदळ तोफांवरून पुढे सरकले, तेव्हा मेल्याचे सोंग घेऊन पडलेले आपले गोलंदाज उठले, तोफांची तोंडे फिरवली आणि पाठीमागून मारा सुरू केला. इंग्रजांना त्याच तोफा दुसऱ्यांदा घ्याव्या लागल्या. त्यांचे मेलेले आणि जखमी दीड हजारांवर गेले. पुढे वॉटर्लू जिंकलेल्या या सेनापतीला म्हातारपणी विचारले की, तुमच्या हातून लढाईत घडलेली सर्वांत मोठी गोष्ट कोणती, तेव्हा त्याने असईचे नाव घेतले. शिवाय हाती लागलेल्या तोफांबद्दल त्याने लिहिले की त्या कंपनीच्या फौजेत जशाच्या तशा वापरता येतील इतक्या चांगल्या आहेत. टिपूच्या तोफांबाबत असे म्हणता आले नव्हते. जुन्या रीतीची तरफदारी करणारा वेलस्ली तो हाच. साक्षीदार त्यांचा आहे, पण उलटतपासणीत त्याची साक्ष माझ्या बाजूने जाते.

मग हरलो का? महादजींचे वारस दौलतराव शिंदे आणि त्यांचे साथीदार रघूजी भोसले रणावर टिकले नाहीत. त्यांच्या अफाट घोडदळाने तोफखान्याच्या मदतीला हात हलवला नाही. आणि पलटणींचे अंमलदार परके होते. गव्हर्नर जनरलने ऑगस्ट 1803 मध्ये जाहीरनामा काढून शिंद्यांच्या चाकरीतल्या इंग्रज अंमलदारांना आमिष दाखवताच ते निघून गेले. पलटणींचा फ्रेंच सरदार पेराँ याने सप्टेंबरात इंग्रजांचा आश्रय घेतला. महादजींनी तोफा ओतण्याचा कारखाना काढला, पण आपल्या पोरांतून कप्तान आणि कर्नल घडवणारी शाळा काढली नाही. त्यांच्या मोठेपणाला खरा डाग असेल तर तो हा आहे, आणि त्याची किंमत 1803 मध्ये चुकवावी लागली.

शिवकाळाशी तुलना करायचीच असेल तर ती इथे करावी. महाराजांचे सरनौबत, हवालदार, कारखानीस इथल्या मातीतले होते. पगार शक्यतो रोख होता, वतनावर सोडलेला नव्हता. राज्याभिषेकाच्या सुमारास चिपळूणजवळच्या छावणीला लिहिलेले त्यांचे पत्र प्रसिद्ध आहे. दाणावैरण आताच उधळली तर पावसाळ्यात घोडी मरतील, रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नये, रात्री दिवा जळता ठेवला तर उंदीर वात ओढून नेईल आणि गंजी पेटतील. ज्या फौजेचा धनी उंदराच्या वातीपर्यंत लक्ष घालतो, तिच्या हाती पट्टा असो की गारेची बंदूक, ती जिंकते. दौलतरावाच्या कारकिर्दीत पगार तुंबत होते आणि दरबार भांडणांत बुडाला होता.

जुन्या रीतीच्या बाजूने यशवंतराव होळकरांचा दाखला हमखास पुढे येईल. 1804 मध्ये त्यांनी इंग्रज अंमलदार मॉन्सनला मुकुंदऱ्याच्या घाटापासून आग्र्यापर्यंत पिटाळले, हे खरेच, आणि त्याचा मला अभिमान आहे. पण त्याच वर्षी नोव्हेंबरात इंग्रज सेनापती लेकच्या घोडदळाने रातोरात मजल मारून फर्रुखाबादेस त्यांच्या स्वारांचा तळ झोपेत गाठला. चपळपणा ही काही एकट्या मराठ्यांची मक्तेदारी उरली नव्हती.

आणि कंपूंची खरी परीक्षा झालेल्या लासवारीचे काय म्हणता? 1 नोव्हेंबर 1803. अलवरजवळच्या त्या मैदानात शिंद्यांच्या पलटणींवर एकही नावाजलेला गोरा सेनापती नव्हता. गोलंदाज तोफा सोडून हलले नाहीत. संगिनीने भोसकले जाईपर्यंत डागत राहिले. लढाईनंतर लेकने वरिष्ठांना कळवले की या फौजेवर फ्रेंच अंमलदार असते तर निकाल काय लागला असता सांगता येत नाही. त्याने फ्रेंच म्हटले. मी म्हणेन, मराठी अंमलदार असते तर.