एका बखरीवर इतिहास नको, एका प्राण्यावर आराखडा नको

१/ आसई, जिल्हा जालना. २३ सप्टेंबर १८०३ रोजी येथे आर्थर वेलस्लीने शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला, हे आपण जाणतो. मात्र त्या फौजांची हजारो घोडी आणि तोफांचे बैल जगत कशावर होते, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. उत्तर आहे गवत. आजचा धागा त्या गवताविषयी, आणि ते वाचवण्यासाठी कोणता जीव साक्षीदार मानावा याविषयी.

२/ दख्खनच्या राजकारणात गवताला दारूगोळ्याइतके मोल होते. चिपळूणजवळच्या छावणीला शिवाजी महाराजांच्या कारकिर्दीत गेलेले प्रसिद्ध पत्र आठवा. उंदराने दिव्याची वात पळवून वैरण पेटेल, इथवरची काळजी त्यात आहे. ज्या घोडदळाच्या जोरावर १६७९ मध्ये जालन्याची पेठ लुटली गेली, त्याचे बळ अखेर कुरणांतच होते.

३/ आज त्याच माळाची सरकारी ओळख ‘पडीक’ अशी आहे. २००० साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या वेस्टलँड ॲटलसमध्ये खुरट्या झुडपांची माळजमीनही मोडते. जमीन एकदा पडीक ठरली की वृक्षारोपण, सौर प्रकल्प, औद्योगिक भूखंड, रस्ते हे ओघानेच येते. समृद्धी महामार्गही जालना जिल्ह्यातूनच जातो. जिल्ह्यात वनक्षेत्र अत्यल्प असल्याने येथील निसर्गरक्षणाचा आराखडा गायरान, माळ, बांध आणि ओढे यांच्यावरच उभा राहणार.

४/ अशा प्रदेशातील प्रत्येक गवत, प्रत्येक कीटक मोजणे अशक्य. म्हणून शास्त्रज्ञ काही जीव प्रतिनिधी म्हणून निवडतात. ज्याच्या असण्या-नसण्यावरून अधिवासाची प्रकृती कळते, ती निर्देशक प्रजाती. जिला वाचवले असता तिच्या आडोशाने इतर अनेक वाचतात, ती छत्र प्रजाती. थोडक्यात, शितावरून भाताची परीक्षा. वाद आहे तो शीत कोणते उचलायचे, याचा.

५/ माझ्या मते ही निवड म्हणजे साधनचिकित्साच होय. १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ प्रसिद्ध करणाऱ्या राजवाड्यांनी आपल्याला अस्सल पत्रे आणि उत्तरकालीन बखरी यांतला भेद शिकवला. हा साक्षीदार कोण, त्याला काय दिसत होते, आणि काय दिसणे शक्यच नव्हते? हेच प्रश्न प्राण्यांनाही विचारले पाहिजेत.

६/ पहिला साक्षीदार वाघ. २०१९ मध्ये टिपेश्वर अभयारण्यातला एक तरुण वाघ शेकडो किलोमीटर चालून जालन्याला लागून असलेल्या बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. गळ्यातील रेडिओ कॉलरमुळे त्याची वाट कळली. जंगलांसाठी १९७३ च्या व्याघ्र प्रकल्पाने वाघाचे छत्र यशस्वीपणे वापरले. पण माळावर तो केवळ वाटसरू. ओढ्याकाठी लपायला झाडी उरली आहे का, एवढे तो सांगतो. गवताविषयी त्याची साक्ष शून्य.

७/ दुसरा साक्षीदार माळढोक. हा मात्र खराखुरा माळाचा पक्षी. त्याच्यासाठी १९७९ मध्ये सोलापूर-अहमदनगर भागात ८,४९६ चौरस किलोमीटरचे अभयारण्य घोषित झाले. त्यात गावे, शेते, किंबहुना शहरेही आली. जमिनीच्या व्यवहारांवर निर्बंध आले आणि पक्ष्याविषयी रोष वाढला. पुढे क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आणावे लागले. तोवर महाराष्ट्रातला माळढोक जवळजवळ संपला होता. पक्षी योग्य होता. चुकले ते एकाच पक्ष्यावर एवढा मोठा नकाशा तोलणे.

८/ तिसरा काळवीट, इतिहासप्रेमींचा लाडका. अबुल फजल काही काळ जालन्यात राहिला होता, असे जुने गॅझेटियर सांगते. त्याच्या ‘ऐन-इ-अकबरी’त चित्त्यांकरवी होणाऱ्या शिकारीचे तपशीलवार वर्णन आहे. पण शिकाऱ्याची लेखणी शिकारच पाहते. शिवाय काळवीट हरभऱ्याच्या शेतातही चरतो. त्यामुळे माळ नष्ट होत असतानाही कळप मोठे दिसू शकतात. केवळ संख्येवर विसंबलो तर ही साक्ष दिशाभूल करते.

९/ मग करावे काय? पश्चिम ऑस्ट्रेलियाचा गव्हाचा पट्टा जालन्यासारखाच, शेतीने व्यापलेला आणि मूळ निसर्गाचे तुकडे उरलेला. तेथील अनुभवावरून रॉबर्ट लँबेक यांनी १९९७ मध्ये एक पद्धत मांडली. आधी धोके वेगळे करा. मग प्रत्येक धोक्याला सर्वाधिक संवेदनशील असलेला जीव निवडा. या पद्धतीवरही नंतर टीका झाली, कारण एक जीव इतरांच्या गरजा पुऱ्या सांगू शकत नाही. तरीही तिचा क्रम मला योग्य वाटतो, कारण त्यात प्रश्न आधी येतो आणि प्राणी नंतर.

१०/ त्या क्रमाने माझी निवड अशी. माळ उघडा राहिला का, हे धाविक सांगेल. आखूड गवताच्या, झाडे नसलेल्या जमिनीवर वावरणारा हा पक्षी वृक्षारोपण होताच हटतो. उंच गवत आणि नाकतोडे उरले का, हे हिवाळ्यात मध्य आशियातून येणारे भोवत्या सांगतील. त्यांचा रातथारा गवतातच, जमिनीवर असतो. माळांचे तुकडे जोडलेले आहेत का, हे लांडगा सांगेल. आणि पवन्या, मारवेल ही गवते स्वतःच चराईचा ताण सांगतील.

११/ लांडग्यावरचा आक्षेप रास्त आहे. त्याचे पोट बव्हंशी शेळ्या-मेंढ्यांवर भरते. म्हणजे त्याला प्रतिनिधी नेमले की किंमत धनगर मोजणार. म्हणून नुकसानभरपाई वेळेवर मिळणे हा आराखड्याचाच भाग हवा. गायरानासाठी मराठवाड्यातील भूमिहीनांनी दीर्घ लढे दिले आहेत. त्यांना वगळून आखलेली सीमा अन्यायाची ठरेल, आणि टिकणारही नाही. माळढोकाने हे आपल्याला एकदा दाखवले आहे.

१२/ दुसरा आक्षेप खर्चाचा. चार-पाच जीव मोजण्यापेक्षा एकच मोजणे स्वस्त नव्हे काय? स्वस्त खरेच. पण चुकीच्या साक्षीवर दिलेला निकाल महाग पडतो. शिवाय हे जीव मोजायला हेलिकॉप्टर लागत नाही. तीच जागा, तोच ऋतू, तीच पद्धत, आणि वर्षानुवर्षांचे सातत्य लागते. गावातले विद्यार्थी आणि मेंढपाळ हे करू शकतात.

१३/ आणि आपण? मोडी कागदांतील कुरणांच्या नोंदी, निजामकालीन महसुली दप्तरे, जुने नकाशे, प्राण्यांवरून पडलेली शेतांची आणि ओढ्यांची नावे, हे सारे आपल्याच क्षेत्रातले. कोणता माळ किती जुना, याचा पुरावा आपण देऊ शकतो. फक्त नियम पाळावा: प्रत्येक नोंदीसोबत तिचे साल आणि साधन. साधन मूक असेल तेथे जागा कोरी ठेवावी. धाविकाविषयी दरबारी इतिहासकाराने लिहिले नाही, म्हणून तो नव्हता असे ठरत नाही.

१४/ ‘पडीक’ हा शब्द सातबाऱ्यावर सहज चढतो. तो उतरवायचा तर पुरावा लागेल, आणि तो जमवण्याचे काम माळावर पहिला खड्डा खणला जाण्यापूर्वी व्हायला हवे.