डॉक्टरसाहेब, आधी काम विचारा!

इटलीतील मोदेना शहरात डॉ. रामाझ्झिनी यांनी आपल्या घरचा शौचकूप उपसणाऱ्या कामगाराची घाई पाहून विचारपूस केली. या घाणीत फार वेळ राहिले तर डोळे जातात, हे त्यांना त्याच्याकडून कळले. त्यांनी कामातून जडणाऱ्या रोगांचा अभ्यास केला, 1700 साली ग्रंथ लिहिला आणि रोग्याला त्याचे कामही विचारा, असे डॉक्टरांना बजावले. मैला उपसणाऱ्याच्या दुखण्यातून हे शास्त्र उभे राहिले. आपल्या देशात मात्र त्याच माणसाच्या वाट्याला या शास्त्राचा डॉक्टर येत नाही!

एम.बी.बी.एस. डॉक्टरांसाठी औद्योगिक आरोग्याचा तीन महिन्यांचा ए.एफ.आय.एच. अभ्यासक्रम आहे. मुंबईत शीवच्या केंद्रीय श्रम संस्थेत तो शिकवला जातो. पण हे डॉक्टर मोठ्या कारखान्यांत. खडी क्रशरवरचा आमचा बांधव खोकत जातो तो वस्तीजवळच्या दवाखान्यात. तेथे काम कोणी विचारत नाही. सिलिकोसिसला टी.बी. समजून गोळ्या दिल्या जातात आणि तो पुन्हा त्याच धुळीत उभा राहतो. कागदावर टी.बी. लिहिला की नुकसानभरपाईचा हक्कही बुडाला!

व्यावसायिक रोग आढळल्यास डॉक्टरने सरकारला कळवावे, हे बंधन 1948 च्या कारखाने अधिनियमात होते. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या सुरक्षा व आरोग्य संहितेतही ते आहे. पण मालकाच्या पगारावरचा डॉक्टर मालकाविरुद्ध लेखी कळवणार कसा? आरोग्यसेवकांना व्यावसायिक स्वातंत्र्य हवे, हे आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 1985 च्या करारातच सांगितले आहे. शिवाय या संहितेने वीज वापरणाऱ्या कारखान्यासाठी कामगारांची किमान संख्या 10 वरून 20 केली. लहान कारखान्यातील मजुराच्या फुफ्फुसात धूळ कमी जाते काय?

बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात श्रममंत्री असताना 1943 साली धनबादकडील कोळसा खाणीत स्वतः उतरले होते. कामगार कसा जगतो, हे कामाच्या जागी जाऊन पाहावे लागते, हाच त्याचा धडा.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. प्रत्येक डॉक्टरच्या शिक्षणात व्यावसायिक रोगांना पुरेसे स्थान द्या. कारखान्याच्या डॉक्टरचा पगार मालकाच्या हातून काढून सार्वजनिक निधीतून द्या. कंत्राटी सफाई कामगारांचीही नियमित तपासणी करा. शासन जागे होईपर्यंत बांधवांनो, दवाखान्यात गेलात की आपले काम सांगा आणि ते केसपेपरवर लिहूनच घ्या. तोच उद्या तुमचा पुरावा ठरेल.