भुकेला कोंडा? नको रे बाबा!

माझ्या पर्समध्ये तीन गोष्टी कायम असतात. मोबाइलचा चार्जर, लिप बाम आणि कॅल्शियमच्या गोळ्यांची स्ट्रिप. ऑफिसात निम्म्या जणींच्या ड्रॉवरमध्ये हेच सापडेल. सकाळी उजाडायच्या आत कंपनीची बस, परतायला रात्र, मग अंगाला ऊन लागणार कधी? त्यामुळे कॅल्शियम आणि ‘डी थ्री’ या विषयात मी स्वतःला एक्स्पर्ट समजायचे. माझा हा गैरसमज उतरवला एका घोड्यानं. तोही किती मोठा, तर जेमतेम माझ्या कमरेइतका!

टेक्ससमध्ये, डॅलसपासून तासाभरावर माझी आत्तेबहीण राहते. ताई आणि जिजू दोघंही आयटीतले. गावाबाहेर घर घेतलं, मागे दोन एकर मोकळं रान मिळालं आणि भाचीच्या हट्टापायी तिथे लाडू आला. लाडू हा मिनिएचर हॉर्स. म्हणजे घोड्याचं पिल्लू नव्हे हं, चांगला पूर्ण वाढ झालेला घोडा. अमेरिकन मिनिएचर हॉर्स असोसिएशनच्या नियमाप्रमाणे आयाळीच्या शेवटच्या केसांपाशी उंची मोजायची आणि ती ३४ इंचांच्या आत हवी. लाडूचं वजन ९० किलो. आमच्या टीम लीडएवढं म्हणा ना.

गेल्या वर्षी सुट्टी काढून मी तिकडे गेले, तेव्हा लाडू लंगडत होता. गंमत म्हणजे शुक्रवारी पुढचा डावा पाय, तर रविवारी मागचा उजवा. ताई म्हणाली, “नाटकं गं त्याची. लाडावलाय.” पण तो खातही हळूहळू होता. गवत चावून चावून अर्धवट चघळलेले बोळे खाली टाकत होता. आणि त्याचा चेहरा! डोळ्यांखाली, नाकाच्या दोन्ही बाजूंना काहीतरी फुगल्यासारखं.

“ताई, याला गालगुंड झालेत का गं?”

ती हसली. पण मोबाइलमधला मागच्या दिवाळीचा फोटो काढून शेजारी धरला आणि तिचं हसू थांबलं. रोज बघणाऱ्याला हळूहळू झालेला बदल दिसत नाही, हेच खरं.

मग काय, मी लगेच नेटवर बसले. दहा मिनिटांत निदान तयार: कॅल्शियमची कमतरता! औषधही माझ्याच बॅगेत होतं. माझ्या डॉक्टरांनी दिलेलं साठ हजार युनिटचं डी थ्रीचं सॅशे आणि गोळ्यांची स्ट्रिप. गुळात कालवून द्यायचं, सिंपल! ताईनं गूळ काढलासुद्धा. पण ती जात्याच धोरणी. म्हणाली, “थांब, आधी डॉक्टरीणबाईंना फोन करते.”

पलीकडून उत्तर आलं, “काहीही देऊ नका. मी येते.”

त्या आल्या आणि पहिल्यांदा लाडूचं तोंड उघडून दात तपासले. या बुटक्या घोड्यांच्या छोट्याशा जबड्यात दातांची दाटी होते, त्यामुळे चेहऱ्यावर उंचवटे येऊ शकतात, घास गळू शकतो. म्हणजे सुजलेला चेहरा दिसला की कॅल्शियमच, असं नसतं. दात ठीक निघाले. मग रक्त घेतलं.

रिपोर्टमध्ये कॅल्शियम नॉर्मल! मी तर पडलेच. म्हटलं, निदान चुकलं वाटतं.

“नाही,” बाई म्हणाल्या, “रक्तातलं कॅल्शियम शरीर सहसा कमी होऊच देत नाही. कमी पडायला लागलं की मानेतल्या पॅराथायरॉइड ग्रंथी हार्मोन सोडतात आणि ते हाडांमधून कॅल्शियम ओढून आणतं.”

माझ्या डोक्यात एकदम ट्यूब पेटली. अहो, हे तर आपलं सॅलरी अकाउंट! एटीएमच्या स्लिपवर बॅलन्स झकास दिसतोय, कारण मागे एकेक एफडी मोडली जातेय. लाडूची एफडी म्हणजे त्याची हाडं. रिकाम्या झालेल्या हाडात तंतुमय उती भरतात, म्हणून चेहरा फुगतो. इंग्रजीत याला ‘बिग हेड’ म्हणतात. एक्स-रेसुद्धा लवकर काही सांगत नाही. हाडातलं साधारण ३० टक्के खनिज गेलं की मगच तिथे फरक दिसतो. त्यामुळे बाईंनी लघवीतलं फॉस्फरस तपासायला पाठवलं. ते भरपूर निघालं.

मग त्यांनी खरा प्रश्न विचारला. “हा खातो काय?”

ताईनं अभिमानानं सांगितलं. गवत, आणि रोज दोन मोठे मग गव्हाचा कोंडा, कोमट पाण्यात भिजवून, वर गुळाचा खडा. आमच्या आजीकडे वाईजवळ गाय होती. आजी तिला रोज संध्याकाळी आंबोण द्यायची, कोंडा आणि पेंड कालवून. सुट्टीत ताई ती बादली उचलायला धावायची. टेक्ससमध्ये तिनं तेच आंबोण लाडूसाठी सुरू केलं होतं.

डॉक्टरीणबाईंनी कागदावर हिशेब मांडला. ९० किलोच्या घोड्याला दिवसाला साडेतीन ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम आणि अडीच ग्रॅम फॉस्फरस पुरतं. १०० ग्रॅम कोंड्यात फॉस्फरस १ ग्रॅम, आणि कॅल्शियम त्याच्या दहाव्या हिश्शाइतकंही नाही. ताईचे दोन मग म्हणजे अर्धा किलो. म्हणजे गरजेच्या दुप्पट फॉस्फरस एकट्या कोंड्यातूनच! आणि जास्तीचं फॉस्फरस आतड्यात कॅल्शियमला शोषूच देत नाही. घोड्याच्या खाण्यात कॅल्शियम नेहमी फॉस्फरसपेक्षा जास्त हवं, शक्यतो दीडपट ते दुप्पट. पूर्वी युरोपात पिठाच्या गिरण्यांवरच्या घोड्यांना फुकटचा कोंडा मिळायचा आणि त्यांना हाच आजार व्हायचा, म्हणून त्याचं एक नाव ‘मिलर्स डिसीज’.

“म्हणजे मीच केलं हे?” ताईचा आवाज फुटला.

“प्रेमानं करणाऱ्यांकडेच हे जास्त दिसतं,” बाई शांतपणे म्हणाल्या.

आणि माझं सॅशे? घोड्याला कॅल्शियम शोषायला ड जीवनसत्त्वाची आपल्याइतकी गरज नसते. उलट त्याचा ओव्हरडोस झाला तर कॅल्शियम हृदयात, रक्तवाहिन्यांत, मूत्रपिंडात साचतं. मी गुळाकडे बघितलं आणि घाम फुटला. एका फोनमुळे वाचलो, बॉस!

उपचार अगदी साधे होते. कोंडा बंद. रोजच्या गवतात लसूणघासाचा, म्हणजे ल्यूसर्नचा वाटा, कारण त्यात कॅल्शियम भरपूर. पण वाटाच, पोटभर नाही. हे बुटके घोडे चटकन लठ्ठ होतात आणि मग खुरांचं दुखणं मागे लागतं. शिवाय चुनखडीची बारीक पावडर, वजनावर हिशेब करून, मोजून. आणि भाचीसाठी सक्त ताकीद: लाडूला पळवायचं नाही, उड्या मारायला लावायचं नाही. हाड पोकळ असताना साध्या धक्क्यानंही मोडू शकतं.

निघताना बाईंनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती लिहून ठेवण्यासारखी आहे. कॅल्शियम कमी होण्याचा दुसरा प्रकार महिन्यांत नाही, काही तासांत घडतो. व्यायलेल्या, दूध पाजणाऱ्या घोडीला किंवा गाडीतून लांबचा प्रवास झालेल्या घोड्याला. तेव्हा रक्तातलंच कॅल्शियम घसरतं. अंग ताठ होतं, स्नायू थरथरतात, घाम सुटतो, जबडा आवळतो. कधी कधी कुशीत उचकीसारखे ठोके दिसतात, थेट हृदयाच्या तालावर. धनुर्वात किंवा पोटशूळ समजून फसायला होतं. अशा वेळी तोंडातून काहीही ओतायचं नाही, कारण गिळता येत नसेल तर ते फुप्फुसात जाईल. तडक डॉक्टर. ते शिरेतून कॅल्शियम देतात, तेही सावकाश, हृदयाचे ठोके ऐकत ऐकत. घाई केली तर औषधच हृदय बंद पाडू शकतं.

पाच महिन्यांनी ताईनं व्हिडिओ पाठवला. लाडू चारही पायांवर सरळ चालतोय, घास गळत नाहीये. हाडं पूर्ण भरायला वर्षभर लागेल. चेहरा थोडा फुगलेलाच राहिलाय आणि बहुधा तसाच राहील. ताई म्हणते, “रोज बघते ना, रोज आठवतं.” पण संध्याकाळची बादली मात्र चालू आहे. त्यात आता भिजवलेला लसूणघास असतो. उरलेलं कोंड्याचं पोतं मफिन्स करून जिजूंना खायला घालतेय.

माझ्या पर्समधली स्ट्रिप अजून तिथेच आहे. पण परवा शेजारच्या डेस्कवरची म्हणाली, “गुडघे दुखतात यार, तुझी एक गोळी दे ना.” मी स्ट्रिप काढली आणि परत आत ठेवली.

“आधी सांग,” म्हटलं, “तू खातेस काय?”