आख्यानाला आवार किती असावे?

एकरेषीय साहसकथा सांगणाऱ्या व्हिडिओ गेम-मालिकांनी ‘ओपन-वर्ल्ड’ व्हावे काय, हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकाला परका वाटण्याचे कारण नाही. एकरेषीय खेळात प्रसंगांचा क्रम रचनाकाराने ठरवलेला असतो. ओपन-वर्ल्डमध्ये विस्तीर्ण प्रदेश खुला असतो आणि कोठे, केव्हा जायचे ते खेळणारा ठरवतो. म्हणजे कथेचा लगाम सांगणाऱ्याच्या हाती असावा की ऐकणाऱ्याच्या, हा कथनमीमांसेतला जुनाच वाद येथे नव्या माध्यमात उभा राहिला आहे. ‘मेटल गिअर सॉलिड’ २०१५ मध्ये, ‘मिरर्स एज’ २०१६ मध्ये आणि ‘हेलो’ २०२१ मध्ये या वाटेने गेली. हा बदल सरसकट होऊ नये, असे माझे मत होते. आजही आहे, मात्र वर्गातल्या एका प्रश्नामुळे ते थोडे दुरुस्त करावे लागले.

आपल्या जवळचे उदाहरण पुण्याचे आहे. नॉडिंग हेड्स गेम्स या पुण्यातील संस्थेचा ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ हा खेळ २०२० मध्ये आला. असुरांनी पळवून नेलेल्या गोलू या धाकट्या भावाचा शोध घेणारी राजी, तिला शस्त्र देणारी दुर्गा आणि हे सारे पाहत आपसांत बोलणारे दुर्गा व विष्णू हे निवेदक, अशी त्याची मांडणी. वाट एकच. भिंतीवरील चित्रांपाशी थांबता येते, एखादी पुराणकथा ऐकता येते. पण पाऊल शेवटी पुढेच पडते. खेळ काही तासांत संपतो. माझ्या मते त्याचे बळ या आटोपशीरपणातच आहे. भाऊ हरवलेली बहीण वाटेत मासेमारी करत बसली, तर तिच्या व्याकुळतेवर विश्वास कोण ठेवील?

आमच्या धाराशिव जिल्ह्यात हा विवेक नवा नाही. तुळजाभवानीचा गोंधळ ज्यांनी रात्रभर ऐकला आहे त्यांना त्याची घडण ठाऊक असते. आवाहनात गोंधळी गावोगावच्या दैवतांना एकेक करून बोलावतो. तेथे सारा मुलूख खुला असतो. उत्तररंगातले आख्यान मात्र वळणे घेतले तरी वाट सोडत नाही. कथा श्रोत्यांना आधीच माहीत असते, तरीही कोणी उठून जात नाही. पुढे काय होणार यापेक्षा ते कसे सांगितले जाणार, याची ओढ त्यांना बसवून ठेवते. खेळणाऱ्याला निवड दिली की रस वाढतो, या गृहीतकाला हा पुरेसा प्रतिवाद आहे.

विस्ताराला माझा विरोध नाही. ‘कोसला’नंतर (१९६३) नेमाडे ‘हिंदू’पर्यंत (२०१०) आले, तेव्हा कादंबरीचे आवार अफाट वाढले, पण त्या कादंबरीचा विषयच अडगळ हा होता. आशयाने रूप मागितले होते. ‘मिरर्स एज’चा पहिला खेळ (२००८) म्हणजे छपरांवरून जीव घेऊन धावणे. पुढच्या खेळात शहर खुले झाले आणि त्याच छपरांवरून पुन्हापुन्हा येजा करावी लागली. पलायनाची रपेट झाली. अडगळ वाढली, समृद्धी नव्हे.

हे सारे मी वर्गात मांडले तेव्हा एक विद्यार्थिनी म्हणाली, “सर, नळदुर्ग मी एकदाच पाहिलाय, शाळेच्या सहलीत, रांगेतून. पाणीमहाल पाहून होईस्तोवर बाईंनी शिट्टी वाजवली. कॉलेजातून घरी, घरून कॉलेजात. एसटीची वेळसुद्धा दुसऱ्यानं ठरवलेली. खेळात तरी मला कुणी वाट सांगू नये.”

याला माझ्याकडे तयार उत्तर नव्हते. नळदुर्गात बोरी नदीवरचा बंधारा, त्याच्या पोटातला आदिलशाही पाणीमहाल, उंच उपळी बुरूज. हे सारे एका वाटेने पाहणे आणि हवे तिथे रेंगाळणे, यांत केवळ वेळेचा फरक नाही. ज्याला मनास येईल तसे हिंडायला मिळाले आहे, त्याला एकरेषीय कथेची शिस्त सुखाची वाटते. जिला मिळालेले नाही, तिला तीच शिस्त ओळखीची आणि जाचक वाटू शकते. माझ्या अभिरुचीत ही सवलत गृहीत धरलेली होती, हे मान्य केले पाहिजे.

तरीही या मागणीचे उत्तर ‘प्रत्येक मालिका खुली करा’ असे होत नाही. ‘अनचार्टेड’ ही २००७ पासूनची पक्की एकरेषीय मालिका. तिच्या ‘द लॉस्ट लेगसी’ (२०१७) या भागात क्लोई आणि नदीन गणेशाच्या सुळ्याच्या शोधात भारतात येतात. त्यातल्या पश्चिम घाटाच्या प्रकरणात जीप आपल्या हाती येते, होयसळांच्या अवशेषांतून हवे तसे फिरता येते आणि तीन ठिकाणे कोणत्याही क्रमाने गाठता येतात. क्लोई स्वतःच्या हाताने नकाशावर खुणा करत जाते. पुढे वाट पुन्हा अरुंद होते आणि शेवट धावत्या आगगाडीवर होतो. येथे मोकळीक कथेतूनच उगवते, कारण शोध घेणाऱ्याला आधी भटकावेच लागते. आवाहन खुले आणि आख्यान बांधलेले, ही गोंधळाचीच घडण.

तेव्हा मालिकांनी स्वतःला विचारावे : आपल्या नायिकेला या क्षणी रेंगाळायला सवड आहे काय? असेल तर दार उघडावे, नसेल तर वाट धरावी. आणि आपण शिक्षकांनी, पुढच्या सहलीत नळदुर्गाला गेल्यावर, शिट्टी जरा उशिरा वाजवावी.