पास रविवारीही चालतो

टेंभी नाक्यावरून चालत ठाणे स्टेशन आणि पासावर लोकलने कामावर, यातच आमची ३० वर्षे गेली. मुलीकडे लंडनला गेलो तेव्हा तीच सवय कामी आली.

तेथे भुयारी रेल्वेच्या फाटकावर कार्ड टेकवायचे, उतरल्यावर पुन्हा टेकवायचे. दिवसाचे भाडे ठराविक रकमेला पोचले की पुढे पैसे कापत नाहीत. मात्र माणशी एक कार्ड हवे.

नॉर्दर्न लाइनने चॉक फार्मला उतरलो. थोड्याच अंतरावर १०, किंग हेन्रीज रोड. १९२१-२२ मध्ये बाबासाहेब तेथे राहत. २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने ते घर घेतले. मग टॉटनहॅम कोर्ट रोडला गाडी बदलून होबर्न. जवळच लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स. पुढचेच स्टेशन चान्सरी लेन, तेथे ग्रेज इन. बाबासाहेब बॅरिस्टर झाले ते इथले.

परतताना सौ. म्हणाल्या, "चैत्यभूमीला दरवर्षी जातो. पण अहो, दादरचा पास खिशात असून राजगृह कधी आतून पाहिले?"

आम्ही निरुत्तर झालो. वाचकहो, पास रविवारीही चालतो. पुढच्या रविवारी मुलांना घेऊन हिंदू कॉलनीत या. आम्ही तेथेच भेटू.