यंत्राचा ‘ध’चा ‘मा’

यंदा आमच्या सोसायटीच्या दिवाळी वर्गणीच्या पावत्या संगणकावर करायचे ठरले आणि ते काम माझ्या गळ्यात पडले. शेजारच्या रमाबाई समोर बसल्या होत्या. नावाच्या रकान्यात मी ‘रमा’ लिहिले, एन्टरची कळ दाबली, आणि पावती निघाली ‘रमाकांत’ या नावाची! पुन्हा लिहिले, पुन्हा रमाकांत. बाई शांतपणे म्हणाल्या, “भाऊ, ह्यांना जाऊन सहा वर्षे झाली. आता पावती माझ्या नावाची द्या.”

मला शरम वाटली. खरे तर ती वाटायला हवी होती ती आज्ञावली लिहिणाऱ्याला.

दोन अक्षरे पडताच उरलेले नाव सुचवणे ही सोय चांगलीच आहे. माझे भांडण सोयीशी नाही, तिच्या आगाऊपणाशी आहे. नाव सुचवणारा मुनीम निराळा आणि मालकाच्या हातातला टाक हिसकावून सही ठोकणारा मुनीम निराळा! मायक्रोसॉफ्टच्या विंडोज फॉर्म्समध्ये अशा रकान्याला चार वळणे लावता येतात: काहीच सुचवू नये, खाली यादी दाखवावी, उरलेली अक्षरे पुढे जोडावीत, किंवा यादी आणि जोडणी दोन्ही करावे. निवड आज्ञावली लिहिणाऱ्याची. भोगणारे मात्र आपण.

शिवाय एक कळ म्हणजे एकच घटना नव्हे, हे पुष्कळ जण विसरतात. कळ दाबली, अक्षर उमटले, कळ सुटली, अशा तीन वर्द्या आत जातात. दाबल्याची वर्दी यादीने घेतली आणि सुटल्याची खिडकीने, की नाव निवडता निवडता पावतीही छापून मोकळी!

नियम अगदी साधा हवा. खालच्या बाणाने मी यादीत उतरलो असेन, तरच एन्टरने यादीतले नाव घ्यावे. उतरलो नसेन, तर मी लिहिले तेच खरे. एस्केपने आधी यादी मिटावी. एकदम सगळी खिडकी मिटू नये.

“पण वेळ वाचतो ना!” म्हणणारे भेटतीलच. वेळ ‘ध’चा ‘मा’ करायलाही फारसा लागला नव्हता, असे सांगतात. १७७३ साली शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा जीव मात्र गेला.

तिसऱ्या खेपेला मी ‘रमा’ लिहिले, पुढे चिकटलेले ‘कांत’ डिलीटच्या कळीने पुसले आणि मग एन्टर दाबले. रमाबाईंनी पावती दोनदा वाचली, घडी घालून पिशवीत ठेवली. एका बाईला स्वतःचे नाव मिळावे म्हणून तिच्यादेखत नवऱ्याचे नाव पुसावे लागले, हे मला अजून खटकते आहे.